मुलांचे भवितव्य ठरविणाऱ्यांची पात्रता कायद्यात आहे, जनतेपुढे नाही

रेल्वेच्या फलाटावर एकटे सापडलेले मूल, रुग्णालयात सोडून दिलेले अर्भक, कारखान्यातून सोडविलेला बालकामगार किंवा घरातच अत्याचाराला बळी पडलेली मुलगी आढळल्यास, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला वा त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यानंतर ते मूल आईवडिलांकडे परत जाणार की बालगृहात, एखाद्या कुटुंबाकडे संगोपनासाठी दिले जाणार की दत्तकविधानासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरणार, याचा निर्णय पाच जणांची ही समिती घेते. ती न्यायपीठ म्हणून काम करते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मात्र हे पाच जण कोण, त्यांचे शिक्षण काय आणि मुलांसाठी त्यांनी आजवर कोणते काम केले, याचा शोध घेऊ पाहणाऱ्या नागरिकाच्या हाती बहुधा नावांपलीकडे काही लागत नाही.

हा विरोधाभास सहज लक्षात येत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात बसणारा डॉक्टर नोंदणीकृत आहे की नाही, हे वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते. वकिलाचे नाव बार कौन्सिलच्या यादीत असते. परंतु एखाद्या आईच्या मुलाचा ताबा काढून घेण्याची शिफारस करणाऱ्या समाजसेवकाने समाजकार्याची पदवी कोठून घेतली, किंबहुना घेतली की नाही, हे तपासण्यासाठी देशात तशी कोणतीही सर्वसमावेशक नोंदवही नाही.

मुंबईपासून सुरुवात

मुलांच्या संरक्षणाची कायदेशीर व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई इलाख्यात १९२४ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यापाठोपाठ १९२७ मध्ये 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्द ही नावे आजही मुंबईकरांच्या मनात बालगृहांशी जोडलेली आहेत. समाजकार्य हा पगारी व्यवसाय असू शकतो आणि त्यासाठी शिक्षण घ्यावे लागते, ही कल्पनाही देशात प्रथम मुंबईतच रुजली. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेली समाजकार्याची शाळा म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे १९५५ मध्ये निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था वाढत गेल्या, पण शिकून बाहेर पडलेल्यांची नोंद ठेवणारी वैधानिक परिषद मात्र झाली नाही.

देशव्यापी कायदा १९८६ मध्ये आला. त्यात बालकल्याण मंडळ होते. २००० च्या कायद्याने त्याच्या जागी बालकल्याण समिती आणली आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमाने तिला आजचे स्वरूप दिले. महाराष्ट्राने आपले नियम २०१८ मध्ये केले.

या अधिनियमाचे कलम २७ विषयाच्या मुळाशी आहे. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढून एक वा अधिक समित्या नेमावयाच्या. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला आणि एक बालकविषयक तज्ज्ञ असलाच पाहिजे. नियुक्ती जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी असते. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे आणि कोणत्याही प्रकरणाचा अंतिम निर्णय करताना किमान तीन सदस्य हजर असावेत, असे पुढचे कलम सांगते. अर्थात हे मानाचे पद नसून जवळजवळ पूर्णवेळचे काम आहे.

पात्रतेची अट मुळात सैल होती. मुलांचे आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण या क्षेत्रांत सात वर्षे सक्रिय असलेली व्यक्ती अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र वा मानवविकास यांपैकी एका विषयाची पदवी घेऊन व्यवसाय करणारी व्यक्ती, असा तो पर्याय होता. 'सात वर्षे सक्रिय' म्हणजे नेमके काय, हे ठरविताना राजकीय कार्यकर्त्यांपासून शाळेच्या व्यवस्थापन समितीवर नाव असलेल्यांपर्यंत कोणालाही त्यात बसविता येणे अशक्य नव्हते. २०२१ च्या दुरुस्तीने ही फट बुजविण्याचा प्रयत्न केला. १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीनुसार आता पदवी आणि सात वर्षांचे काम दोन्ही लागते किंवा संबंधित विषयाची पदवी घेऊन प्रत्यक्ष व्यवसाय करीत असावे लागते. शिक्षणशास्त्र आणि दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षण हे विषयही यादीत आले.

दुरुस्तीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कोण सदस्य होऊ शकत नाही, हे तिने प्रथमच स्पष्ट केले. मानवी हक्क किंवा बालहक्कांच्या उल्लंघनाचा इतिहास असलेली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली, सरकारी सेवेतून काढून टाकलेली, मुलांवर अत्याचार केलेली वा बालमजूर ठेवलेली व्यक्ती अपात्र आहे. जिल्ह्यातील बालसंगोपन संस्थेच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्तीही अपात्र ठरते. ज्या संस्थेत मुले पाठवावयाची, तिच्याच चालकाने मुले पाठविण्याचा निर्णय करू नये, हे त्यामागील साधे तत्त्व आहे.

पदवीच्या या आग्रहाला महाराष्ट्रात एक वेगळी बाजूही आहे. शेकडो अनाथांना आसरा देणाऱ्या आणि २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या सिंधुताई सपकाळ यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. आजच्या कलम २७ खाली त्या बालकल्याण समितीवर बसू शकल्या नसत्या. संस्थाचालक असणे हे एक कारण झाले असते आणि पदवी नसणे हे दुसरे. कायद्याने घातलेली अट त्यामुळे चुकीची ठरत नाही. आसरा देणे आणि कागदपत्रे तपासून, दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणे ही दोन वेगळी कामे आहेत. मात्र केवळ पदवीचे नाव जाहीर करून भागणार नाही, केलेल्या कामाचा तपशीलही जनतेपुढे आला पाहिजे, एवढे या उदाहरणावरून दिसते.

इतक्या तपशिलाने पात्रता लिहिणाऱ्या कलम २७ मध्ये एक गोष्ट नाही. कोणत्या सदस्याने कोणती अट कशाच्या आधारे पूर्ण केली, हे प्रसिद्ध करण्याचे बंधन त्यात घातलेले नाही. नावे राजपत्रात येतात. पदवी, अनुभव आणि आपण अपात्र नसल्याचे उमेदवाराने दिलेले निवेदन ही कागदपत्रे निवड समिती आणि विभागाच्या कपाटात राहतात.

अहवाल लिहिणारा कोण?

समितीचे पाच सदस्य हा या व्यवस्थेचा केवळ दर्शनी भाग झाला. प्रत्यक्षात निर्णयाचा पाया असतो सामाजिक तपासणी अहवाल. मुलाच्या घरी जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी, शिक्षकांशी बोलून हा अहवाल पंधरा दिवसांत सादर करावयाचा असतो. समाजसेवक, परिविक्षा अधिकारी किंवा बाल संरक्षण अधिकारी तो लिहितात. आईला मद्याचे व्यसन आहे, सावत्र बाप हिंसक आहे किंवा घरची स्थिती मूल परत देण्याजोगी आहे, अशी एकेक ओळ मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा बदलू शकते. समितीच्या बैठकीत आईवडिलांना सदस्यांचे चेहरे तरी दिसतात. अहवाल लिहिणाऱ्याचे नाव अनेकदा त्यांना ठाऊकही नसते.

२००९ मध्ये केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना सुरू केली आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष उभे राहिले. आता ही योजना 'मिशन वात्सल्य' या नावाने चालते. या कक्षांतील समुपदेशक, समाजसेवक, क्षेत्रीय कार्यकर्ते यांच्या बहुसंख्य जागा कंत्राटी आहेत. कंत्राटी असणे हा त्या कर्मचाऱ्यांचा दोष नव्हे. तुटपुंज्या मानधनावर कायम अनिश्चिततेत ते काम करतात. परंतु वरचेवर बदलणाऱ्या या मनुष्यबळाची कायमस्वरूपी नोंद नसल्याने, एका जिल्ह्यात गैरवर्तनावरून काढलेली व्यक्ती दुसऱ्या जिल्ह्यात वा दुसऱ्या राज्यात नव्याने रुजू झाली तर ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

याच बालगृहात येणाऱ्या इतर व्यावसायिकांची स्थिती निराळी आहे. मनोविकारतज्ज्ञ वैद्यक परिषदेकडे नोंदलेला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंद १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत व्हावी लागते. २०२१ मध्ये संसदेने संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजसेवकांचा उल्लेख आहे. त्यांच्यापुरती केंद्रीय व राज्य नोंदवहीची तरतूद झाली. तथापि हा कायदा आरोग्यसेवेसाठी आहे. बालकल्याण समितीसाठी गृहभेट देणारा कार्यकर्ता त्याच्या कक्षेत आपोआप येत नाही.

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 'पॉक्सो' कायद्याखालील २०२० च्या नियमांत एक अर्धे पाऊल दिसते. दुभाषी, विशेष शिक्षक, तज्ज्ञ आणि पीडित मुलाला साथ देणाऱ्या सहायक व्यक्ती यांची नोंदवही प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवावी आणि ती पोलिसांना व न्यायालयाला उपलब्ध करून द्यावी, असे हे नियम सांगतात. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांनी कायम वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलिस पडताळणी करावी, असेही त्यांत आहे. नोंद आहे, पडताळणी आहे. फक्त ज्यांच्या मुलांचा प्रश्न आहे त्यांना ती पाहण्याची सोय नियमांनी केलेली नाही.

मुझफ्फरपूरने काय दाखविले

पात्रता कागदावरच राहिली तर काय होते, याचे सर्वात भीषण उदाहरण बिहारमधील मुझफ्फरपूरचे आहे. ते उघडकीस आणण्यात मुंबईच्या संस्थेचा हात होता. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने बिहार सरकारच्या सांगण्यावरून राज्यातील निवारागृहांची सामाजिक तपासणी केली. या अहवालात मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील लैंगिक अत्याचारांचा उल्लेख आला आणि मे २०१८ च्या अखेरीस गुन्हा नोंदविला गेला. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आणि खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीला गेला. २० जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील साकेत न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले.

या १९ जणांत केवळ संस्थाचालक आणि त्याचे कर्मचारी नव्हते. तेथील बालकल्याण समितीचा तत्कालीन अध्यक्ष, समितीचा एक सदस्य आणि एक बाल संरक्षण अधिकारीही त्यांत होता. ज्यांच्याकडे मुलींनी तक्रार करावी, ज्यांनी बालिकागृहाला भेट देऊन पाहणी करावी, तेच आरोपींच्या पिंजऱ्यात उभे होते. सदस्यांची शैक्षणिक पात्रता प्रसिद्ध झाली असती तर हे टळले असते, असा दावा कोणी करू नये. पदवी हे सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे. पण कोण कोणत्या संस्थेशी जोडलेला आहे, कोणाविरुद्ध पूर्वी तक्रारी आहेत, ही माहिती गावात कोणाला ना कोणाला असतेच. नावासोबत पार्श्वभूमी जाहीर झाली तर निदान ती माहिती असलेल्याला बोलण्याची संधी मिळते. बंद लिफाफ्यातील निवडीत ती मिळत नाही.

बाहेरून तपासणी होत राहावी, याची गरज सर्वोच्च न्यायालयानेही मांडली होती. संपूर्णा बेहुरा विरुद्ध भारत सरकार या २००५ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे मुझफ्फरपूरचा गुन्हा नोंदविला जाण्यापूर्वी, न्या. मदन लोकूर व न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने निकाल दिला. समित्या व मंडळांवरील रिक्त जागा भरण्याचे आणि सामाजिक तपासणीचे निर्देश त्यात आहेत.

इंग्लंडची खुली नोंदवही

याबाबतीत इंग्लंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल २००५ पासून तेथे 'सोशल वर्कर' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसताना ती लावणे हा गुन्हा ठरतो. नोंदवही प्रथम जनरल सोशल केअर कौन्सिलकडे होती, ऑगस्ट २०१२ मध्ये ती आरोग्य व्यवसायांच्या परिषदेकडे गेली आणि २ डिसेंबर २०१९ पासून 'सोशल वर्क इंग्लंड' ही स्वतंत्र संस्था ती सांभाळते. कोणीही नाव टाकून संबंधित व्यक्तीची नोंदणी चालू आहे काय, तिच्यावर काही अटी वा निलंबन आहे काय, हे पाहू शकतो. गैरवर्तनाच्या सुनावणीतील निर्णय प्रसिद्ध होतात. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी वर्षभरात काय शिकलो, याची नोंद द्यावी लागते. घरचा पत्ता मात्र त्यात नसतो.

कौटुंबिक न्यायालयांचे तत्कालीन प्रमुख सर जेम्स मन्बी यांनी जानेवारी २०१४ मध्ये दिलेले मार्गदर्शनही याच दिशेचे होते. मुलांचे आणि कुटुंबाचे नाव झाकावे, पण सार्वजनिक यंत्रणा आणि साक्ष देणारे तज्ज्ञ यांची नावे सबळ कारणाशिवाय झाकू नयेत, असा त्याचा आशय होता.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे असे नाही. घरोघरी जाणारे अनेक कुटुंब-साहाय्यक कार्यकर्ते या नोंदवहीबाहेरच आहेत. एखादे मूल दगावले की वृत्तपत्रे समाजसेवकांना नावानिशी लक्ष्य करतात. २००७ च्या 'बेबी पी' प्रकरणानंतर हे फार कटू स्वरूपात घडले. अमेरिकेत समाजसेवकांचा परवाना राज्यागणिक तपासता येतो, पण बाल संरक्षण विभागात काम करण्यासाठी तो परवाना असलाच पाहिजे असे अनेक राज्यांत नाही. नोंदवही कामाच्या गुणवत्तेची हमी देत नाही. समोरची व्यक्ती ती सांगते तीच आहे आणि तिला या कामातून दूर केलेले नाही, एवढेच ती सांगते.

गोपनीयता कोणाची?

भारतात पात्रतेची माहिती मागितली की पुष्कळदा 'विषय मुलांचा आहे, गोपनीय आहे' हे उत्तर पुढे येऊ शकते. अधिनियमाचे कलम ७४ मुलाचे नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यासाठी आहेत. ही मनाई योग्यच आहे. परंतु ते संरक्षण मुलाचे आहे. समितीच्या सदस्याच्या पदवीला ते लागू नाही.

अडचण आली ती दुसऱ्या बाजूने. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्या, मंडळे, अधिकारी व त्यांची कर्तव्ये यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. मात्र व्यक्तिगत माहितीला कलम ८(१)(ञ) खाली सूट होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात सरकारी कर्मचाऱ्याचा सेवातपशील व्यक्तिगत ठरविला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुभाषचंद्र अग्रवाल प्रकरणात घटनापीठाने शैक्षणिक व व्यावसायिक अर्हताही व्यक्तिगत माहितीत मोडते, व्यापक लोकहित असेल तरच ती द्यावी, असे म्हटले. 'व्यापक लोकहित असल्यास' हा अपवाद त्या वेळी कलमातच लिहिलेला होता.

आता तो तेथे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे उपकलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती लागू झाली. 'व्यक्तिगत माहितीशी संबंधित' एवढेच कारण नकारासाठी पुरेसे झाले. कलम ८(२) शिल्लक आहे. संरक्षित हितापेक्षा लोकहित मोठे असेल तर प्राधिकरण माहिती देऊ शकते. पण आधी लोकहित दाखविल्यावर माहिती देणे भाग होते, आता ते देणाऱ्याच्या विवेकावर अधिक अवलंबून राहील. देशात केंद्रीय कायद्याच्या आधी, २००२ मध्येच, माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने या बदलाचा विचार बालकल्याणाच्या अंगाने वेगळा करावयास हवा. न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार वापरणाऱ्या व्यक्तीने कायद्याने ठरविलेली अट पूर्ण केली आहे की नाही, ही त्या व्यक्तीची खासगी बाब मानता येत नाही. राज्य सरकारला त्यासाठी केंद्राकडे पाहण्याचीही गरज नाही. नियुक्तीच्या अधिसूचनेतच प्रत्येक नावापुढे पदवी, विद्यापीठ, अनुभवाची वर्षे आणि संबंधित संस्था नमूद केल्या तर काम भागते.

दरम्यान, माहिती हवी असलेल्या नागरिकाने महिला व बालविकास विभागाच्या पुणे येथील आयुक्तालयाकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. सदस्यांची 'संपूर्ण वैयक्तिक माहिती' असे मोघम मागू नये. पदाची जाहिरात, निवडीचे निकष, कलम २७(४) मधील कोणत्या पर्यायाखाली कोणाची निवड झाली आणि अपात्रतेबाबतची निवेदने घेतली काय, असे नेमके प्रश्न विचारावेत. कलम ८(२) चा आणि नाकारण्याजोगा भाग वगळून उर्वरित माहिती देण्याच्या कलम १० चा उल्लेख अर्जातच करावा. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रार बाधित मूल किंवा त्याच्याशी संबंधित कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे करू शकते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही बाजू ऐकून आदेश देण्याचे अधिकार त्यांना आहेत.

समितीच्या आदेशाविरुद्ध बाल न्यायालयात अपील करण्याची मुदत आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांची आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. आदेश देणाऱ्यांची पात्रता विचारणाऱ्या अर्जाला उत्तर देण्यासाठी जनमाहिती अधिकाऱ्यालाही ३० दिवसच मिळतात. त्यामुळे आदेशाच्या दिवशीच अर्ज केलेल्या पालकालाही उत्तर मिळते तेव्हा बहुधा अपिलाचा शेवटचा दिवस उजाडलेला असतो.